गंजाडला शेवटचा, तलासरीला पहिला: तीन नंबरच्या बटाट्यामागे तीन दिवस

बटाटे खोदले, तोलले, कागदावर चढवले, निकाल लावून वर चहा प्याले, आणि मला सांगितलं पाचव्या दिवशी. शेत गंजाडला असलं तरी सातबाऱ्यावर नाव माझं आहे. मी झाईला राहते म्हणजे वारले नाही. रोज संध्याकाळी "आई, जेवलीस का" विचारायला माझ्या दिनेशचा फोन बरोबर लागतो. त्याच फोनवर "उद्या बटाटे काढतोय" एवढं सांगायला जीभ झिजली असती काय?

झालं बोलून. आता वाचणाऱ्यांना नमस्कार.

माझी शाळा चौथीत सुटली. इथे मी बोलते, मोबाईल लिहितो, आणि मग चष्मा लावून मी त्याच्या चुका काढत बसते. मागे मी दमणचा प्रवास लिहिला तेव्हा चौघीपाचजणींनी हॉटेलचा पत्ता मागितला. या वेळी हॉटेल नाही. ज्यांना डहाणू-तलासरी आतून बघायची आहे त्यांनी पुढे वाचा. ज्यांना नुसता किनारा बघायचा आहे त्यांनी बोर्डीला उतरावं, पाय भिजवावेत आणि घरी जावं.

निघायचं कारण असं. दिनेश डहाणूला राहतो आणि गंजाडचं शेत तोच बघतो. भात निघाल्यावर त्याने शेताचा एक तुकडा एका संस्थेला बटाट्याच्या प्रयोगासाठी दिला. चार जातींचे बटाटे, प्रत्येक जात तीन वेगळ्या ठिकाणी, असे बारा वाफे. जमीन कुठे बरी कुठे वाईट असते, तर ते सगळ्यांच्या वाट्याला सारखं यावं म्हणून तीन-तीन. हे मला पटलं. जातींना नावं नव्हती, नुसते नंबर, म्हणजे नाव ऐकून कोणी भुलायला नको. हेही पटलं. असाच प्रयोग तलासरीच्या आतल्या एका पाड्यात नवशी नावाच्या बाईच्या शेतात झाला. आमच्याकडे दोन नंबर पहिला आला आणि तीन नंबर शेवटचा. नवशीकडे तीन नंबर पहिला आला. तर संस्थेच्या साहेबांनी काय केलं, नवशीचा निकाल बाजूला ठेवला, आमचा धरला, आणि गंजाडच्या लोकांना सांगितलं की पुढच्या हिवाळ्यात दोन नंबर लावा. लावायच्या बेण्याची यादी सोमवारी बंद. आमच्या दिनेशने सगळं दीड एकर दोन नंबरखाली घालायचं ठरवून टाकलं होतं. फक्त माझी सही राहिली होती, म्हणून मला फोन.

हाताची पाच बोटं सारखी नसतात हे मला कळतं. पण एकच बोट एका गावात सगळ्यांत लांब आणि दुसऱ्या गावात सगळ्यांत आखूड, असं मी पंचाहत्तर वर्षांत पाहिलं नाही. कोणीतरी लबाडी केली होती. कोणी, ते बघितल्याशिवाय मी सही करणार नव्हते. दीड एकराचा एक हिवाळा फुकट गेला तर तो परत कोण आणून देणार? साहेब तर तोवर तिसऱ्या तालुक्यात.

गुरुवारी सकाळच्या एसटीने झाईहून निघाले. पिशवीत एक लुगडं, गुडघ्याचं तेल, चाकू आणि माझा लटकवायचा काटा. दुसऱ्याच्या काट्यावर माझा भरवसा नाही. झाईहून डहाणूला जाताना उजवीकडे बसा, समुद्र त्या बाजूला आहे. बोर्डीपासून सुरूची झाडं लागतात, ती बघायला मुंबईहून लोक येतात आणि खाली प्लास्टिक टाकून जातात. पंचाहत्तरीच्या वर तिकीट नाही, पण आधार कार्ड जवळ ठेवा. कंडक्टरने माझं कार्ड दोनदा उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, आजी, वाटत नाही. मी म्हटलं, वाटायला काय करू, उद्या खाट घेऊन येऊ? बस हसली. त्याने कार्ड परत दिलं. वाईट माणूस नव्हता, पण तपासून बघत होता, आणि तपासून बघणारा माणूस मला आवडतो.

घोलवडला रस्त्याच्या कडेला चिकू घ्यायचे तर वरचा थर बघून घेऊ नका, टोपलीत हात घालून खालचा काढा. मी स्वतः चिकूवाली आहे, आम्ही वरचा थर कसा लावतो ते मला माहीत आहे.

डहाणूला उतरून दिनेशला फोन केला नाही. तो बरोबर आला असता तर वाटेत मला सगळं समजावून सांगितलं असतं, आणि समजावलेल्या माणसाला मग काही दिसत नाही. स्टेशनच्या पूर्वेला बटाट्याची भजी खाल्ली. गोडसर लागली. कुठला बटाटा म्हणून विचारलं तर भजीवाला म्हणाला, गोणीतला. तिथून जीप. जीपवाला वीस म्हणाला आणि उतरताना तीस मागितले, कारण म्हणे पिशवी मोठी आहे. मी पंचवीस दिले आणि पिशवी त्याच्याच हातून उतरवून घेतली.

गंजाडला ऊन चढलं होतं. होळी पंधरा दिवसांवर, भाताची खोडकी वाळलेली, आणि त्यात आमचा बटाट्याचा तुकडा तेवढा उकरलेला. वाफ्यांच्या कडेला नंबरांच्या पाट्या अजून उभ्या होत्या. मी काठी टेकत सगळे बारा वाफे फिरले. माझा पहिला संशय साहेबांवर. दोन नंबर विहिरीजवळ लावला असेल, बाकीच्यांना कोरड्यात टाकलं असेल. पण नाही. दोन नंबरचा एक वाफा विहिरीजवळ, एक मधे, एक पार बांधाला. तीन नंबरचाही एक विहिरीला लागूनच. शेणखताचे ढेपसे सगळीकडे सारखे. मला वाईट वाटलं. लबाड तिथेच सापडला असता तर दुपारच्या बसने घरी गेले असते.

मग एक गोष्ट दिसली. दोन नंबरचे वाफे एकदा खोदून पडले होते, ढेकळं वाळलेली. तीन नंबरचे तिन्ही वाफे मात्र दुसऱ्यांदा उकरलेले. सरीच्या तळापर्यंत, अगदी शेजारच्या वरंब्याच्या पोटात शिरून. आधी वाटलं रानडुक्कर. पण डुक्कर पाटी वाचून येत नाही. खाली वाकून बघितलं तर अनवाणी पावलं, बायकांची.

आता इथे थांबून एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्या शेतात नेम आहे: कुदळ एकदाच फिरवायची. रताळी असोत, कोनफळ असो, मालक मागे वळून उकरत नाही. मागे राहील तो सरवा, आणि सरवा काढणाऱ्या बायांचा. दुसऱ्या दिवशी त्या येतात, उकरतात आणि घरी नेतात. हा नेम मी लावला, माझ्या सासूच्या नाकावर टिच्चून. दया म्हणून नाही. काढणीच्या दिवसांत गंजाडला बाया मिळत नाहीत, आणि ज्याच्या शेतात सरवा भरपूर, त्याच्याकडे बाया आधी जातात. माझं भात कधी उभं राहून झडलं नाही ते यामुळे.

पण सरवा म्हणजे किती? एक टोपली, फार तर दीड. म्हणून मी जानकीच्या घराकडे वळले. जानकी आमच्याकडे वीस वर्षं बाया घेऊन येते. तिच्या ओटीवर, सावलीत, चटईवर बटाटे पसरलेले होते, लांबुडके, तीन नंबरचे. चटई एक नव्हती. तीन होत्या. पाड्यात पुढेही दोन ओट्यांवर तेच दिसत होते.

जानकी चुलीपाशी होती. मला बघून तिने काही झाकलं नाही, पळापळ केली नाही. बस म्हणाली. सुकट-बटाटा आणि भाकरी पुढे ठेवली. माझा संशय आणखी वाढला. चोर घाबरला तर बरं, न घाबरणारा चोर फार अवघड.

मी विचारलं, "जानकी, एवढा सरवा?"

"राहिला तेवढा."

"की ठेवलास तेवढा?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "तुझाच नेम आहे, बाय. एक कुदळ. आम्ही एकच मारली. साहेब उभा होता, तुझा दिनेश उभा होता, दोघं बघत होते. जेवून घे आधी, मग चोर म्हण."

मी जेवले. बटाटा चांगला होता, रश्शात विरघळला नव्हता, आणि ते मी तिला सांगितलं नाही. मनात हिशोब लावत होते की हिला कोणी सांगितलं असेल, तीन नंबर चवीला चांगला आहे तर तो हलक्या हाताने खोद म्हणून. वीस वर्षांचा विश्वास म्हणजे वीस वर्षं न सापडलेली चोरी असू शकते. असं मी म्हटलं नाही, पण तिने माझ्या तोंडावर वाचलं असेल. निघताना दारापर्यंत आली नाही.

त्या रात्री दिनेशकडे झोपले. त्याने चार वेळा विचारलं की काय बघितलंस, मी चार वेळा म्हटलं, बटाटे.

शुक्रवारी सकाळी तलासरीला निघाले. डहाणूहून रस्ता गंजाडवरून, रानशेतवरून चारोटीला हायवेला लागतो. मला चारोटीला उतरायचं होतं, पण जीपवाल्याला कासाचं गिऱ्हाईक होतं, त्याने मलाही कासाला नेलं. रागवायचं सोडून मी बाजारात शिरले. तुम्हीही शिरा, शुद्ध गावठी मिरची आणि सुकी मासळी तिथे बरी मिळते, फक्त मासळीवर पाणी मारलंय का ते हाताने बघा. एका बटाटेवाल्याला विचारलं, लांब बटाटा विकला जातो का? तो गुजरातकडचा, मराठी आमच्यासारखंच मिसळून बोलणारा. म्हणाला, माजी, म्हणजे आजी, गिऱ्हाईक गोल बघून हात घालतं, घरी जाऊन रडतं, पण परत येऊन पुन्हा गोलच उचलतं. आमचा दोन नंबर गोल आहे. तेव्हा मला थोडं दिनेशचंही खरं वाटलं. विकायचं असेल तर दिसणं लागतं. हे मी नाकारत नाही.

कासाहून परत चारोटी, तिथून हायवेची बस. हायवेला धूळ आणि ट्रक, खिडकी बंद ठेवा. तलासरीच्या अलीकडे मडकी उलटी घालून विस्तव लावलेले ठेले दिसतात, ते उबाडियू. पापडी, कंद, रताळी, बटाटे पानात दडपून भाजतात. हिवाळ्यातच मिळतं, संपायला आलं होतं. पाव किलो घेतलं. त्यात बटाटे जास्त आणि कंद कमी होता. मी बोट दाखवलं, तर ठेलेवाल्याने दोन तुकडे कंदाचे वर टाकले, आणि लगेच टाकले म्हणजे त्याला ठाऊक होतं. तरी खा. हिरव्या चटणीसकट खा.

तलासरीहून उधव्याच्या रस्त्याला रिक्षा मिळते, पाड्याच्या तोंडाशी सोडते, पुढे पंधरा मिनिटं पायी. माझी अर्ध्या तासाची.

नवशी तिशीची. नवरा सीमेपलीकडच्या कारखान्यात पाळीला जातो, शेत ती आणि तिची सासू करतात. सासू माझ्यापेक्षा लहान आणि माझ्यापेक्षा वाकलेली. मी कोण ते सांगितलं तेव्हा नवशीने आधी हात पुसले आणि मग विचारलं की साहेबाने पाठवलं का. मी म्हटलं, साहेबाला माहीत नाही, म्हणून तर आले. तेव्हा तिने पाणी दिलं.

तिचं असं झालं होतं. काढणीच्या दिवशी साहेब येणार होते, आले नाहीत, फोनवर म्हणाले वजन करून ठेवा. हिने वजन करून वहीत लिहिलं. वही मी बघितली. अक्षर माझ्यापेक्षा बरं. तीन नंबर पहिला, दोन नंबर दुसरा, पण बराच मागे. साहेबांनी वही बघितली आणि म्हणाले, हे घरच्याघरी केलंय, याला धरता येणार नाही. तिने वही मिटून ठेवली. कोणाशी बोलणार?

मी तिला सोडलं नाही. लागोपाठ विचारलं, तीन नंबरला राख जास्त घातलीस? नाही. पाणी? सगळ्यांना एकाच दिवशी. माती झटकून तोललेस की मातीसकट? माती झटकून. काटा कोणाचा? रेशन दुकानाच्या शेजारच्या दुकानातला, उसना. तो काटा खोटा असला तर चारही नंबरला सारखाच खोटा, हे तीच मला म्हणाली. माझ्या आधी म्हणाली. पोरगी चलाख होती, म्हणून मला तिचा जास्तच संशय आला.

मग कळलं की बेण्यासाठी तिने वाफ्यांबाहेर लावलेली दोन आणि तीन नंबरची एकेक सरी अजून ठेवलीय. पाला कापलेला, साल घट्ट व्हायला जमिनीत ठेवलेले. मी म्हटलं, माझ्यासमोर खोद. तिने सासूकडे बघितलं. सासू म्हणाली, खोद, म्हातारी काय बटाटे खाऊन जाणार आहे?

दोन नंबरचं पहिलं झाड. नवशीने कुदळ घातली, उचलली, आणि सगळे बटाटे एका जागी, जसं कोंबडीखालून अंडी निघावीत. गोल, गोरे, एकमेकांना चिकटून. आजूबाजूला उकरलं तर एक बारका निघाला. पुढची चार झाडंही तशीच.

तीन नंबर. कुदळ घातली, उचलली. तीन बटाटे. मी म्हटलं, बस? हाच तुझा पहिला नंबर? नवशीने कुदळ बाजूला ठेवली, खाली बसली आणि हात मातीत घातला. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. एक वीत लांब पांढऱ्या दोऱ्याच्या टोकाला एक बटाटा. दुसऱ्या दोऱ्याला दुसरा, पार सरीच्या तळाशी. तिसरा शेजारच्या वरंब्याखाली. त्या जातीची सवयच तशी, आईपासून लांब जाऊन पोसायचं. मी दोन टोपल्या मागवल्या. पहिल्या कुदळीचे एकीत, हाताने काढलेले दुसरीत. पाच झाडं झाल्यावर माझा काटा लावला. हाताने काढलेली टोपली जड भरली.

मी मातीत बसूनच राहिले. गुडघ्याचं कारण होतं, पण तेवढंच नव्हतं. नवशीला विचारलं, तुला कोणी सांगितलं दुसऱ्यांदा उकरायला?

ती म्हणाली, "घरचं शेत आहे, आजी. मजूर लावला नाही. मागे कोणासाठी ठेवायचं?"

कोणासाठी ठेवायचं. आमच्याकडे ठेवायचं ते जानकीसाठी. दोन नंबरमध्ये ठेवण्यासारखं काही राहतच नाही, तीन नंबरमध्ये अर्ध्याहून जास्त मागे राहतं. साहेबांनी पहिल्या कुदळीचा ढीग तोलला, पाट्यांचे फोटो काढले आणि गेले. सरवा दुसऱ्या दिवशी निघाला. साहेबांना आमचा नेम ठाऊक नव्हता, दिनेशला ठाऊक होता पण त्याच्या डोक्यात आला नाही, आणि जानकीला कोणी विचारलं नाही. लबाडी कोणीच केली नव्हती. मी दोन दिवस लबाड शोधत होते आणि तीन नंबरला शेवटचा बसवणारा नेम माझा होता.

हे गिळायला मला उबाडियूपेक्षा जास्त पाणी लागलं.

राहिली चव. नवशीच्या चुलीवर दोन्ही नंबर उकडले. दोन नंबरची साल भराभरा निघाली, डोळे कमी, सोलायला सुख. पण उकडून भुगा झाला, आणि सगळ्यांत मोठा कापला तर मधे पोकळ. तीन नंबर सोलताना शिव्या द्याव्याशा वाटतात, एवढे खोल डोळे, पण आतून घट्ट. काप करून तळले तर दोन नंबरचे तांबडे झाले, तीन नंबरचे पिवळट राहिले. नवशीच्या सासूने दोन्ही खाल्ले आणि म्हणाली, मीठ कमी आहे. तीन नंबरच चांगला असं मी म्हणत नाही. एका चुलीवर एका संध्याकाळी काय कळतं? मी म्हणते की कोणता चांगला ते अजून कोणालाच माहीत नाही, आणि कागद मात्र छापून तयार आहे.

रात्री तिथेच राहिले. ओटीवर वारा चांगला येतो.

शनिवारी सकाळी हायवेने चारोटी, आणि डहाणूच्या वाटेवर गंजाडला उतरले. जानकी पाणी भरत होती. मी तिला तलासरीचं सगळं सांगितलं, दोऱ्यांचं, दोन टोपल्यांचं. ती ऐकत होती आणि हंडा डोक्यावरून उतरवत नव्हती. माझं बोलून झाल्यावर तिने एकच विचारलं, मग आता नेम बंद करणार का?

मला वाटलं होतं ती म्हणेल, बघ, मी चोर नव्हते. तिला त्याची पर्वा नव्हती. तिला पुढच्या काढणीची होती. मी म्हटलं, नेम चालू. ती म्हणाली, साहेब काय म्हणेल? मी म्हटलं, साहेबाचं शेत आहे का?

साहेब दिनेशच्या घरी येऊन बसले होते, सहीसाठी. वागायला नम्र, पायात मोजे, हातात फाईल, मला आजी म्हणून उठून उभे राहिले. मी बसून सगळं सांगितलं, मधे थांबू न देता. त्यांनी लिहून घेतलं. मला बरं वाटलं की लिहून घेतायत. मग त्यांनी पेन थांबवलं आणि म्हणाले, "म्हणजे मजुरांनी प्रयोगाचा माल उचलून नेला. तसं नोंदवावं लागेल."

"उचलून नाही नेला. त्यांचा होता."

"आजी, वजन व्हायच्या आधी माल कोणाचाच नसतो."

"वजन झालं होतं. तुम्हीच केलंत आणि गेलात."

दिनेश म्हणाला, आई, साहेबांसमोर जरा सांभाळून. मी त्याच्याकडे बघितलं, तो पाणी आणायला गेला.

साहेबांनी मग एक बरोबर गोष्ट सांगितली, ती मी लपवणार नाही. म्हणाले की शेतात असा नेम असला तर तो आधी सांगायचं काम शेतमालकाचं. खरं आहे. मी मालक आहे आणि मी सांगितला नाही. पण मला काढणीचा दिवसच कळवला नव्हता, हे मी त्यांना ऐकवलं, आणि स्वयंपाकघरात पाणी ओतणाऱ्यालाही ऐकवलं.

मी त्यांना म्हटलं, पुढच्या हिवाळ्यात दोन आणि तीन नंबर शेजारी शेजारी लावा, माझ्याच शेतात. पहिली कुदळ तोला, एका रकान्यात लिहा. दुसऱ्या दिवशी सरवा निघेल, तो जानकीच्या हातात असतानाच तोला, दुसऱ्या रकान्यात लिहा, आणि तिचा तिला न्यायला द्या. आणि दुप्पट उकरायला मजुरी किती जाते तेही लिहा, कारण त्यात दोन नंबर कदाचित जिंकेल. ते म्हणाले, तोपर्यंत यादी बंद होईल, ज्यांनी सही केली नाही त्यांना बेणं मिळणार नाही, आणि गंजाडच्या बाकीच्यांनी तर सह्या केल्या. मी म्हटलं, बाकीच्यांनी माझ्या शेताचा निकाल बघून सह्या केल्या. निकाल अर्धा होता, हे त्यांना सोमवारच्या आत कळलं पाहिजे. ते म्हणाले, बघतो. फाईल बंद केली. बघतो म्हणणाऱ्याच्या फाईलकडे मी बघत राहिले, त्यात माझं बोलणं लिहिलेलं पान वर होतं की खाली, ते काही दिसलं नाही.

सही केली नाही. दिनेश मला एसटीत बसवायला आला. बेणं मिळालं नाही तर शेत हिवाळाभर पडीक, हे त्याचं दुखणं आहे, आणि ते खोटं नाही. मी म्हटलं, वाल टाकू. त्याला वाल आवडत नाहीत.

दुपारच्या बसने झाईला परत. येताना समुद्र डावीकडे असतो. घरी आले, पाय धुतले, काटा खुंटीला लावला. तीन दिवसांचा खर्च विचाराल तर जीप, रिक्षा, भजी, उबाडियू आणि नवशीच्या घरी नेलेली साखर, एवढाच. गुडघा सुजला तो वेगळा. राहिलं काय? तलासरीच्या मातीत कोपरापर्यंत गेलेला नवशीचा हात डोळ्यांपुढून जात नाही. आणि जानकीबद्दल दोन दिवस मनात जे जे आणलं, तेही जात नाही. तिला ते सांगणार नाही. माफी मागितली तर ती उगाच घाबरेल की आता काहीतरी काढून घेणार.

हे मी लिहिते आहे ते रविवारी. गंजाडच्या ज्यांनी ज्यांनी सह्या केल्यात त्यांच्या घरी मोबाईल आहेत, पोरांनी हे मोठ्याने वाचून दाखवावं. उद्या अकरा वाजता गंजाडला यादीची बैठक आहे आणि मी पहिल्या बसने येते आहे. जानकीला आणि तिच्या बायांना कोणी बोलवायचं नाही, कोणी जाब विचारायचा नाही. नवशीची वही कोणी खोटी म्हणायची नाही. सरव्याबद्दल जे विचारायचं ते मला विचारा, नेम माझा आहे, मी उत्तर देईन. काट्याबद्दल मी विचारणार आहे: अर्धा बटाटा जमिनीत असताना निकाल कसा लावलात? त्याचं उत्तर साहेबांनी द्यायचं, सगळ्यांसमोर, उभं राहून. आणि दिनेश, त्यांच्या वतीने तू तोंड उघडायचं नाहीस.